ताईचं वर, माझं वर

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी एका अख्ख्या तालुक्यात उणे नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव मिलिमीटर पाऊस पाडला. उणे. म्हणजे आभाळाने पाणी दिलं नाही ते नाहीच, शिवाय जमिनीत होतं तेही ओढून नेलं. नकाशा एकाच काळपट निळ्या रंगाने भरून गेला. सरांनी तो हातात घेतला, मान तिरकी करून पाहिला आणि म्हणाले, "छान आलाय. जरा हिरवा वाढवा."

हे सर आमच्या कंपनीचे मालक. आधी ते सुप्याच्या एमआयडीसीत कॉम्प्रेसर विकायचे. मग त्यांना कुणीतरी सांगितलं की पुढचा जमाना उपग्रहांचा आहे. त्यांनी नगरला सावेडीत एका फरशीच्या दुकानावरचे दोन गाळे घेतले, दारावर 'उपग्रह आधारित जलनियोजन' अशी पाटी लावली आणि भूगोलात एमएस्सी झालेली एक बाई नोकरीला ठेवली. ती मी. कंपनीत आम्ही दोघंच होतो, पण बाहेर बोलताना सर "आमची टीम" म्हणायचे. टीम सकाळी स्कूटीवर यायची आणि आधी ऑफिस झाडायची.

काम ऐकायला भारी आणि करायला किचकट होतं. उपग्रह वरून पावसाचा अंदाज घेतो. जमिनीवर आडव्या-उभ्या रेघांची जाळी टाकली आहे असं धरायचं आणि जाळीच्या प्रत्येक चौकटीत पावसाचा एक आकडा. एक चौकट दहा-अकरा किलोमीटरची, त्यामुळे चार-पाच गावं सहज एका चौकटीत मावतात. आकडे फुकट मिळतात. त्यांना रंग देऊन नकाशावर बसवायचं, एवढंच आमचं कर्तृत्व.

जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या एका तालुक्यात त्या वर्षी श्रावण लागला तरी पाण्याचे टँकर चालू होते. दर सोमवारी तिथे बैठक व्हायची. ज्या गावात पुरेसा पाऊस झाला त्याचा टँकर बंद करायचा, जे कोरडं राहिलं त्याचा चालू ठेवायचा. आता कोरडं कोण आणि ओलं कोण हे ठरवायला गावात जाऊन विहिरीत डोकावलं तरी चालतं. पण विहिरीत डोकावण्याचा कागद होत नाही, आणि बैठकीतल्या साहेबांना फाइलला लावायला रंगीत कागद हवा होता. तो कागद म्हणजे आमचा नकाशा. त्या तालुक्यात माझी थोरली बहीण दिलेली आहे. तिच्या गावच्या विहिरी फाल्गुनातच तळाला गेल्या होत्या, आणि टँकर आला तर घरात पाणी, नाही आला तर नाही, अशी गत होती. हे मला माहीत होतं. हे माहीत असूनही पुढचं सगळं झालं, म्हणून तर सांगते आहे.

उणे नऊ हजाराचं कोडं दोन दिवसांनी सुटलं. उपग्रहाला एखाद्या चौकटीत काही दिसलं नाही, तर तो जागा रिकामी सोडत नाही. तिथे हा भलामोठा उणे आकडा लिहून ठेवतो. आपल्याकडे तक्त्यात 'निरंक' लिहितात तसंच. फरक एवढाच की निरंकची कुणी बेरीज करत नाही, मी केली. ते आकडे बाजूला काढले आणि नकाशात वेगवेगळे रंग दिसायला लागले. मी खुशीत हद्द टाकायला गेले, तर तालुका सापडेना. नकाशा लहान लहान करत गेले तेव्हा दिसलं की आमचा पाऊस उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्रात पडतो आहे. अक्षांश आणि रेखांश यांची मी अदलाबदल केली होती. एकोणीस तिथे चौऱ्याहत्तर, चौऱ्याहत्तर तिथे एकोणीस. सर म्हणाले, "पण तिथे पाणी भरपूर दिसतंय." ते विनोद करत होते की नाही, हे मला अजून कळलेलं नाही.

तेही नीट केलं. तालुका आपल्या जागेवर आला, हद्द छान बसली, आत मोजून वीसेक चौकटी रंगल्या. सरांना ते मुळीच आवडलं नाही. "हे खाली दुकानात फरशीचं सॅंपल लावलंय तसं दिसतं. गुळगुळीत करा." मी म्हटलं, "सर, आकडेच वीस आहेत. गुळगुळीत केलं की मधले रंग आपण मनाने भरल्यासारखं होईल." ते म्हणाले, "मॅडम, लोकांना उपग्रह म्हटल्यावर गुळगुळीतच अपेक्षित असतं." केलं गुळगुळीत. आता वीस आकड्यांचा नकाशा असा दिसायला लागला की जणू उपग्रहाने बांधाबांधावर वाकून पाहिलं आहे. वरच्या अंगाला दाट हिरवा, मध्ये पोपटी, खालच्या अंगाला भाजल्यासारखा तांबूस. मलाही आवडला. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, आमचं अंगण तर आता फारच सुरेख झालं होतं.

नकाशा खरा आहे की नाही हे तपासायला जमिनीवरचा एक साक्षीदार लागतो. त्याला इंग्रजीत ग्राउंड ट्रूथ म्हणतात, सरांच्या तोंडी तो ग्राउंड ट्रूप व्हायचा. जणू पलटणच येणार आहे. पलटण म्हणजे माझी ताई. मी सरांसमोरच तिला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"ताई, परवा तुमच्या भागात पाऊस झाला ना गं?"

"झाला की. वर लई झाला. खाली न्हाई."

सरांनी नकाशाच्या वरच्या हिरव्यावर बोट ठेवलं, मग खालच्या तांबड्यावर. त्यांचे डोळे चमकले.

"वर म्हणजे वरच्या गावांना ना?"

"व्हय. वरच्या वाडीला तर बांध फुटलं म्हनत्यात. खाली मातीबी भिजली न्हाई."

"नक्की ना?"

"आता काय अंगठा उठवून देऊ का तुला? ठेव, धारा काढायच्यात."

फोन ठेवला. सरांनी टाळी मागितली आणि मी दिली. अहवालात त्यांनी लिहिलं, 'स्थानिक महिला शेतकऱ्याकडून प्रत्यक्ष पडताळणी.' सोमवारी तो नकाशा बैठकीत गेला आणि साहेबांना इतका आवडला की त्यांनी तो मोठा करून भिंतीवर लावायला सांगितला. सरांनी त्या संध्याकाळी मला मिसळ खाऊ घातली. पाणीप्रश्नावर आता हिवरे बाजारनंतर आपलंच नाव, असंही ते म्हणाले. मी तेव्हा हसले नाही, हे कबूल करायला हवं. मला ते थोडंसं खरंच वाटलं होतं.

नागपंचमीला ताई दरवर्षी माहेरी येते. पंचमीच्या चार दिवस आधी तिचा फोन आला.

"औंदा जमायचं न्हाई बघ यायला."

"का गं?"

"टँकर बंद झालाय आठ दिस झालं. त्या पलीकडच्या मळ्यात एका बोअरला पानी हाय, तिथनं डोक्यावर आनतीय. सासूबाईंचं गुडघं गेल्यात, मग मीच की. मी आले तर म्हशी काय पितील?"

"तुमचा टँकर बंद? म्हणजे तुमच्याकडे पाऊस झालाच नाही?"

"उपग्रहात आमचं गाव हिरवं हाय म्हनत्यात. ग्रामसेवकानं कागद दावला ना सगळ्यांला. लई झ्याक रंग हाईत." मग तिने साध्या आवाजात विचारलं, "तुझंच काम ना गं ते?"

तिला टोमणा मारायचा नव्हता. तिला खरोखर विचारायचं होतं, आणि त्यात थोडं कौतुकही होतं. तेच मला लागलं. मी "बघते" असं काहीतरी बोलले आणि फोन ठेवला. मग नकाशा उघडून त्यावर ताईचं गाव शोधलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. नकाशावर गावांची नावं टाकली की गुळगुळीतपणा बिघडतो म्हणून सरांनी ती काढायला लावली होती आणि मीही ती काढली होती. गाव सापडलं ते नकाशाच्या वरच्या अंगाला, दाट हिरव्याच्या ऐन मध्यात. आणि ताई तर म्हणाली होती, वर लई झाला. मग तिच्याकडे लई झालेला असायला हवा, आणि ती तर डोक्यावर पाणी आणत होती. दोन्ही गोष्टी खऱ्या कशा असतील ते मला कळेना, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरली.

फाट्यावर उतरले तर ताई न्यायला आलेली. न्यायला म्हणजे काय, पाणी आणायला निघालीच होती, वाटेत मला गाठलं. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर हंडा, काखेत कळशी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बाजरी वीतभर येऊन करपली होती आणि पायाखाली फुफाटा उडत होता. माझ्या नकाशात इथे गर्द हिरवळ होती. हातच्या काकणाला आरसा कशाला, तसं ते समोर दिसत होतं. मी मात्र उपग्रहाचा आरसा लावून बसले होते.

"ताई, तू फोनवर काय म्हणालीस? वर पाऊस झाला ना?"

"झाला की. हे काय वर." तिने हंडा एका हाताने सावरला आणि दुसऱ्या हाताने डोंगराकडे दाखवलं. डोंगराच्या माथ्याला खरंच हिरवी झाक होती.

"आणि खाली?"

"खाली म्हंजी आमी. वढा खाली येतो ना आमच्याकडं? आनि म्होरं गोदावरीला."

मी मोबाइलमधलं होकायंत्र उघडलं. डोंगर दक्षिणेला होता. ओढा उत्तरेला वाहत होता. या गावात 'वर' म्हणजे दक्षिण आणि 'खाली' म्हणजे उत्तर. गावच काय, त्या डोंगराच्या पायथ्याशी सगळीकडे असंच बोलतात, कारण पाणी तसं वाहतं आणि पाणी ज्या बाजूने येतं ती बाजू वर. यात चूक काहीच नाही. चूक माझी, मी कागदावरचं वर धरून बसले होते.

आमचं माहेर नगरच्या दक्षिणेला सीनेच्या काठी. सीना उत्तरेकडून येते आणि दक्षिणेकडे जाते, त्यामुळे आमच्या घरात वर म्हणजे उत्तर, अगदी शाळेतल्या नकाशासारखं. ताईसुद्धा तिथेच वाढली. लग्न होईपर्यंत तिचंही वर उत्तरेलाच होतं. लग्नात मुलीला वर मिळतो म्हणतात. ताईला तो मिळालाच, शिवाय नवं 'वर' आणि नवं 'खाली'ही मिळालं, आणि ते माहेरी कुणाच्या लक्षातच आलं नाही. माझ्या तर नाहीच.

पण यातून अर्धंच कोडं सुटत होतं. ताईचं वर दक्षिणेला, आणि पाऊस तिथे पडलेला. मग माझ्या नकाशात हिरवा रंग दक्षिणेला, म्हणजे कागदाच्या खालच्या अंगाला दिसायला हवा होता. तो वरच्या अंगाला कसा गेला? ताईबरोबर बोअरच्या मळ्यापर्यंत गेले, बांधावर बसून मी डोकं धरलं, आणि ज्या गोष्टीवर पहिल्या दिवशीच शंका यायला हवी होती ती तेव्हा आली. उपग्रहाच्या फाइलमध्ये आकड्यांची पहिली ओळ दक्षिणेची असते, मग एकेक ओळ उत्तरेला सरकते. संगणकाची चित्र काढणारी आज्ञा मात्र पहिली ओळ कागदाच्या माथ्यावर ठेवते. म्हणजे रंगांनी शीर्षासन केलं होतं. तालुक्याची हद्द वेगळ्या फाइलमधून आलेली, ती सरळच होती. म्हणून बाहेरून सगळं शहाण्यासारखं दिसत होतं, आणि आत डोंगरावरचा पाऊस ताईच्या अंगणात आणि ताईच्या अंगणातला दुष्काळ डोंगरावर. नकाशा उलटा, साक्षीदाराचं वर माझ्या हिशेबी उलटं, आणि दोन उलटं मिळून सुलट झालं. आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं. दळणारी मी, आणि कुत्र्याला मी टाळीसुद्धा दिली होती.

"मग तुझं गाव खाली आहे हे तू सांगितलं का नाहीस?" मी ताईवरच चिडले. चूक आपली असली की मला आधी दुसऱ्याचा राग येतो, हा माझा जुना गुण आहे.

ताईने बोअरच्या पाइपाखाली हंडा सरकवला. पाण्याची धार करंगळीएवढी होती.

"तू इचारलंस का?" ती म्हणाली. "ताई, तुझ्या रांजनात पानी हाय का, असं इचारलं असतंस तर न्हाई म्हनले असते. तू पाऊस इचारला. वर-खाली इचारलं. म्या सांगितलं."

काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण मी शाळेत निबंधात वापरली होती, तेव्हा बाईंनी शेरा चांगला दिला होता. इथे कळशी ताईच्या काखेत होती आणि वळसा मी थेट आभाळातून घेतला होता. मला स्वतःची लाज वाटली. परतीच्या वाटेवर कळशी मी घेतली. निम्मी माझ्या अंगावर सांडली, आणि त्यावर ताई एवढी हसली की तिचा हंडाही डचमळला. वरच्या वाडीची मजा तिने तेव्हा सांगितली. तिथे ओढा भरून वाहतो आहे, विहिरी वर आल्या आहेत, आणि टँकर नेमाने येतो. लोक टँकरच्या पाण्याने ट्रॅक्टर धुतात. "सरकार देतंय तर न्हाई कशाला म्हनावं?" असं तिथल्या तिच्या नणंदेने तिला सांगितलं होतं.

सावेडीत परतल्यावर नकाशा सरळ करायला एक शब्द पुरला. आज्ञेत तो एक शब्द घातला की रंग पायांवर उभे राहतात. सरांना सरळ करायला मात्र वेळ लागला. ते म्हणाले, "अहवाल गेलेला आहे. नकाशा भिंतीवर आहे. आता उलटा होता म्हणून कसं सांगणार? आपण असं करू, पुढच्या महिन्यात 'सुधारित तंत्रज्ञान, आवृत्ती दोन' म्हणून देऊ."

"सर, माझी बहीण डोक्यावरून पाणी आणते आहे."

"मॅडम, वैयक्तिक गोष्टी डेटात आणायच्या नसतात."

"अहवालात आणली ना तुम्ही तिला? स्थानिक महिला शेतकरी?"

सर पंखा किती नंबरवर आहे ते बघायला लागले. मी दोन्ही नकाशे छापले, उलट्यावर लाल पेनाने 'उलटा' असं लिहिलं आणि टीम एकटीच तालुक्याला गेली.

साहेब भले गृहस्थ होते. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी भिंतीवरचा नकाशा काढायला लावला, टेबलावर ठेवला आणि फिरवून खालची बाजू वर केली. "म्हणजे असा धरायचा होता का?"

"नाही साहेब. असा धरला तर हद्द उलटी होईल. फक्त आतले रंग फिरवायचेत."

"मग आधीच सांगायचं ना," ते म्हणाले. कुणी, कुणाला, कधी सांगायचं ते त्यांनी सांगितलं नाही. नवा नकाशा त्यांनी ठेवून घेतला. टँकर लगेच सुरू करा म्हटल्यावर त्यांनी हात जोडले. बैठकीशिवाय बदल होत नाही आणि बैठक सोमवारी असते. त्या दिवशी गुरुवार होता. त्यांनी विचारलेला शेवटचा प्रश्न असा होता की नव्या नकाशात हिरवा रंग एवढा कमी का आहे.

नागपंचमी मधल्या शनिवारी झाली. ताई आली नाही. आईने पुरणाची दिंडं केली, त्यातली चार ताईसाठी डब्यात काढून ठेवली, आणि रविवारी ती आम्हीच खाल्ली. आईने मला विचारलं, ताई का नाही आली? मी म्हटलं, पाण्यामुळे. ते खरंच होतं.

सोमवारी बैठक झाली, बुधवारी टँकर सुरू झाला. सरांनी त्या अहवालाला 'आवृत्ती दोन' नाव दिलंच, आणि त्यातल्या 'चुका व सुधारणा' या मथळ्याखाली निरंक लिहिलं. मी भांडले. मग मी माझ्यापुरतं एक केलं. पडताळणीच्या फोनसाठी जो तक्ता होता त्यात पाऊस, वेळ, दिशा यांच्या आधी एक रकाना घातला, 'आज घरात प्यायला पाणी आहे का?' सर म्हणाले, हे नकाशात कुठे दाखवणार? मी म्हटलं, कुठेच नाही.

गुरुवारी तो नवा तक्ता समोर घेऊन मी पहिला फोन ताईला लावला. ती धारा काढत असावी, मागे चरवीत दूध पडल्याचा आवाज येत होता.

"ताई, घरात पाणी आहे का?"

पलीकडे धारेचा आवाज थांबला.

"हाय," ती म्हणाली. "आता इचार तुझं वर-खाली."